१०:२२ चं वळण: हवाई छायाचित्रणाच्या एका उड्डाणाचा प्रकरण अभ्यास

प्रकरण एका सकाळच्या उड्डाणाचं आहे. एका इंजिनाचं, पोटाला कॅमेऱ्यासाठी भोक पाडलेलं छोटं विमान आणि आत दोघं: वैमानिक आणि कॅमेरा ऑपरेटर. ४० किलोमीटर लांबीच्या १४ समांतर लाइन्स, म्हणजे फोटो घेत सरळ उडायच्या रेषा, एकाच उड्डाणात संपवायच्या होत्या. चौदाही लाइन्स झाल्या, तरी काम अपुरं राहिलं आणि जेमतेम ३ किलोमीटरच्या तुकड्यासाठी विमान पुन्हा न्यावं लागलं. कोणी नियम मोडला नाही, कोणी नसता धोका पत्करला नाही, कॅमेराही बिघडला नाही. म्हणूनच हे प्रकरण शिकवायला घेण्यासारखं आहे. ही कुठल्या एकाच उड्डाणाची नोंद नाही. या कामात वरचेवर दिसणाऱ्या गोष्टी एका सकाळीत बसवल्या आहेत आणि आकडे कागदावर मांडून पडताळता येतील असे घेतले आहेत.

आधी कामाची मागणी. ग्राहकाला जमिनीवरचे ८ सेंटिमीटर म्हणजे चित्रातला एक पिक्सेल, इतकं बारीक चित्र हवं होतं. कॅमेऱ्याच्या पिक्सेलचा आकार ४ मायक्रॉन आणि भिंगाचं नाभीय अंतर १०० मिलिमीटर असेल, तर त्यासाठी जमिनीपासून बरोबर २,००० मीटर उंचीवरून उडावं लागतं. एका फ्रेममध्ये रुंदीला २०,००० आणि उड्डाणाच्या दिशेने १३,००० पिक्सेल. म्हणजे एका फ्रेममध्ये जमिनीचा १,६०० बाय १,०४० मीटरचा तुकडा येतो. लागोपाठच्या दोन फ्रेम्स एकमेकींवर ६० टक्के चढायला हव्यात, कारण त्याशिवाय उंचीचं मोजमाप निघत नाही. शेजारच्या दोन लाइन्सचा एकमेकींवरचा ओव्हरलॅप ३० टक्के धरला होता आणि करारानुसार तो कुठेही २० टक्क्यांच्या खाली जायला नको होता. हे २० लक्षात ठेवा, सगळं प्रकरण त्यावर फिरतं. लाइन्समधलं अंतर अर्थातच १,१२० मीटर आलं. १३० नॉट वेगाने एक लाइन १० मिनिटांत होते, दर ६ सेकंदांनी एक फ्रेम पडते आणि एका लाइनमध्ये शंभराच्या आसपास फ्रेम्स होतात.

वैमानिक तशी नवी होती. व्यावसायिक परवान्यासाठी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने घालून दिलेली किमान अट २०० तासांची आहे आणि मान्यताप्राप्त सलग अभ्यासक्रमातून आलं तर १५० तासांची. तेवढ्या तासांवर मोठ्या विमानाच्या कॉकपिटमध्ये सगळ्यांनाच जागा मिळत नाही, म्हणून बरेच जण या कामाकडे तास जमवायची जागा म्हणून येतात. येतात आणि पहिल्या आठवड्यात चक्रावतात. परवान्याच्या परीक्षेत उंची १०० फुटांच्या आत ठेवली की परीक्षक खूश असतो. इथे ताशी २४० किलोमीटर वेगाने जाताना कागदावरच्या रेषेपासून पन्नासेक मीटरसुद्धा सरकायचं नाही, पंख कलू द्यायचे नाहीत, आणि हे सलग तीन तास. ऑटोपायलट मदत करतो, पण ऊन चढून हवा खालून धक्के द्यायला लागली की हात स्टिअरिंगवर ठेवावाच लागतो. शिवाय समोरच्या छोट्या पडद्यावर रेषेपासून किती सरकलात ते मीटरमध्ये दिसत असतं. नवा माणूस त्या आकड्याला खिळतो आणि बाहेर बघायचं विसरतो. माझ्या मते या कामातला सगळ्यात मोठा धोका हाच, ढग किंवा वारा नव्हे.

ही वैमानिक त्यातली नव्हती. ती बाहेर बघत होती, आणि गोष्ट तिथूनच सुरू होते.

लाइन्स पूर्व-पश्चिम होत्या आणि क्रमांक दक्षिणेकडून उत्तरेकडे वाढत होते. १ ते १० मोकळ्या हवाई क्षेत्रात. ११ ते १४ मात्र एका मोठ्या विमानतळाच्या आगमनमार्गावर आडव्या पडत होत्या. ३ अंशांच्या उतारावरून उतरणारं विमान धावपट्टीपासून ३५ किलोमीटरवर साधारण १,८०० मीटर उंचीवर असतं. आपण उडणार २,००० मीटरवर, आणि या लाइन्सचं धावपट्टीपासूनचं अंतरही साधारण तेवढंच. म्हणजे बरोबर त्यांच्या वाटेत. आदल्या दिवशीच लाइन्सचा क्रमांकांसह नकाशा हवाई वाहतूक कंट्रोलरकडे पाठवून ११:२० ते १२:१५ अशी कमी वर्दळीची वेळ मागून घेतली होती. चार लाइन्सना १० मिनिटांप्रमाणे ४० आणि मधल्या तीन वळणांना ४ मिनिटांप्रमाणे १२, असे ५२ मिनिटांचे. मिळालेली वेळ ५५ मिनिटं.

वळणाला ४ मिनिटं का, असं नवखे नेहमी विचारतात. १३० नॉटला २० अंशांच्या कलाने वळलं तर वळणाची त्रिज्या सव्वा किलोमीटरच्या आसपास येते, म्हणजे व्यास अडीच किलोमीटर. शेजारची लाइन त्याच्या निम्म्याहून कमी अंतरावर. सरळ वळून तिच्यावर येताच येत नाही, आधी बाहेर जाऊन थेंबाच्या आकाराचा फेरा घ्यावा लागतो आणि मग लाइन सुरू होण्याआधी थोडं अंतर स्थिर उडावं लागतं. कल वाढवला तर पंख आडवा येऊन जीपीएसच्या अँटेनाला काही उपग्रह दिसेनासे होतात आणि फ्रेमची अचूक जागा काढणं नंतर अवघड जातं. यावर एक उपाय म्हणजे एकाआड एक लाइन घेणं: १, ३, ५ आणि मग परत येऊन २, ४. वेळ वाचतो. पण मध्येच ढग आले तर घरी पट्टेरी ब्लॉक घेऊन जावं लागतं, झालेल्या प्रत्येक लाइनच्या बाजूला एक न झालेली. ओळीने उडलं तर निदान एका बाजूचा सलग भाग हाती राहतो. दुपारी ढगांची शक्यता असल्याने ओळीने उडायचं ठरलं, ते बरोबरच होतं.

ढगांचा हिशेबही सकाळी झाला होता. दुपारच्या अंदाजात हवेचं तापमान आणि दवबिंदू यांत १२ अंशांचा फरक होता. दर अंशाला १२५ मीटर धरले तर ढगांचा तळ जमिनीपासून १,५०० मीटरवर येतो, म्हणजे कॅमेऱ्याच्या खाली. ढग धरायला लागले की काम संपलं, कारण चित्रात नुसता ढगच येत नाही, बाजूला पडलेली त्याची सावलीही येते.

विमान ८:३५ ला सुटलं आणि ९:०२ ला पहिल्या लाइनवर लागलं. पाच लाइन्सबद्दल सांगण्यासारखं काही नाही. उत्तरेचा वारा २० नॉट होता, त्यामुळे नाक रेषेपासून ९ अंश वाऱ्याकडे वळवून विमान तिरकं चाललं होतं. कॅमेऱ्याचा गायरो माउंट, म्हणजे विमानाचं कलणं-वळणं आपोआप सावरणारी बैठक, कॅमेऱ्याला तेवढंच उलट फिरवून फ्रेम सरळ ठेवत होता.

सहाव्या लाइनच्या मध्यावर खाली एक टेकडी होती, आजूबाजूच्या जमिनीपेक्षा २०० मीटर उंच. लाइन ६ आणि ७ च्या दरम्यानची ती पट्टी, ३ किलोमीटर लांबीची. १०:१६ च्या सुमारास वैमानिकाला समोर किंचित उजवीकडे मोठे पक्षी घिरट्या घालताना दिसले, आठ-दहा असावेत. तापलेल्या उतारावरून वर चढणारी गरम हवा त्यांनी धरली होती. तिने विमान डावीकडे, म्हणजे दक्षिणेकडे काढलं. पडद्यावरचा आकडा ८० मीटरपर्यंत गेला. पक्षी मागे पडल्यावर ती हळूहळू परत रेषेवर आली. पंखांचा कल सगळा वेळ थोडाच होता, माउंटने तो सहज पचवला आणि फ्रेम्स पडत राहिल्या. इंटरकॉमवर कोणी काही बोललं नाही.

मागच्या ऑपरेटरच्या पडद्यावर प्रत्येक फ्रेमचा जमिनीवरचा चौकोन उमटतो. टेकडीवरचे सात-आठ चौकोन दक्षिणेकडे सरकलेले त्याने पाहिले. त्याला शंका आली, पण सातवी लाइन झाल्याशिवाय त्या बाजूचा ओव्हरलॅप दिसणार नव्हता, म्हणून त्याने वहीत खूण करून ठेवली. सातवी झाली. तेव्हाही वैमानिक लाइनवर असताना बोलायला नको म्हणून तो थांबला, मग वळणात रेडिओवर बोलणं चाललं होतं, मग आठवी सुरू झाली. दहावी लाइन ११:१८ ला संपली तेव्हा तो म्हणाला, "कॅप्टन, सहा आणि सातच्या मध्ये टेकडीवर पातळ झालंय. सोळा-सतरा टक्के दिसतंय."

"किती लांबीत, सर?"

"तीन किलोमीटर. आत्ता घेतलं तर बारा मिनिटांत होईल. टेकडीवर ढग धरायला लागलाय, नंतर मिळणार नाही."

पेच असा. बारा मिनिटं दिली तर ११:२० ची वेळ चुकते आणि शेवटची लाइन १२:१५ च्या आत बसत नाही. नाही दिली तर तो तुकडा त्या दिवशी बहुतेक गेलाच. वर्गात इथे थांबून विचारलं की निम्मे लोक आधी तुकडा म्हणतात, कारण तो लहान आहे आणि ढग तिथेच येतोय. काही जण दोन्ही बसवायला निघतात: वळणं ४० अंशांनी घ्या, वेग १५० नॉट करा. त्यांना कागद-पेन्सिल द्यावी. ४० अंशांच्या वळणात एका वळणामागे मिनिट-सव्वा मिनिट वाचतं, तीन वळणांत तीन-साडेतीन मिनिटं. त्या बदल्यात पंखांवरचा भार १.३ पट होतो, स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंख विमान पेलत नाहीत) सुमारे १४ टक्क्यांनी वर येतो आणि उपग्रह हरवायची शक्यता वाढते, ते वेगळंच. वेग वाढवून ४० मिनिटांतली पाचेक मिनिटं निघतील खरी, पण एक्स्पोजरच्या काळात जमीन तेवढीच जास्त सरकते आणि कॅमेऱ्याची भरपाई ज्या वेगासाठी तपासलेली आहे त्याच्या बाहेर आपण जातो. बारा मिनिटं काही भरून निघत नाहीत.

तिने तुकडा सोडला. एवढंच केलं असतं तर निर्णय ठीक म्हणता आला असता. तिने आणखी एक गोष्ट केली: कंट्रोलरला विचारून क्रम उलटा केला. अकराऐवजी चौदापासून सुरुवात. चौदावी लाइन आगमनमार्गात सगळ्यात खोल होती आणि अकरावी अगदी काठावर. परवानगी कधीही आखडती घेतली जाऊ शकते, तेव्हा जी लाइन पुन्हा मागणं सगळ्यात अवघड ती आधी उरकायची. झालंही तसंच. १४, १३ आणि १२ झाल्यावर, १२:०३ ला कंट्रोलरने तिला बाजूला दक्षिणेकडे एक फेरा मारत थांबायला सांगितलं, कारण एक विमान वेळेआधी येत होतं. अकरावी लाइन १२:१२ ला सुरू झाली, म्हणजे ठरलेल्या वेळेबाहेर जाणार हे उघड होतं. तरी कंट्रोलरने ती पूर्ण करू दिली. काठावरची होती म्हणून. तिथे चौदावी असती तर त्याने सरळ नाही म्हटलं असतं, आणि ते योग्यच झालं असतं.

११:१८ च्या निर्णयाला म्हणूनच मी पूर्ण गुण देतो. टेकडीचा तुकडा मोकळ्या हवाई क्षेत्रात आहे, तिथे कुठल्याही स्वच्छ सकाळी कोणालाही न विचारता जाता येतं. उत्तरेच्या लाइन्सचं तसं नाही.

पण या प्रकरणाची खरी जागा ११:१८ नाही, १०:२२ आहे. सहावी लाइन संपून सातवी सुरू होईपर्यंतची चार मिनिटं.

टेकडीवर जमिनीपासूनची उंची २,००० ऐवजी १,८०० मीटर. फ्रेमची रुंदी १,६०० वरून १,४४० मीटरवर येते. लाइन्समधलं अंतर तेच, १,१२०. म्हणजे सगळं नेमकं झालं असतं तरी तिथे ओव्हरलॅप ३२० मीटर, २२ टक्के. त्यातून ८० मीटर वजा केले की २४० मीटर, १७ टक्क्यांच्या आत. किमान २० टक्क्यांसाठी २८८ मीटर हवे होते. कमी पडले ४८ मीटर. आता सातव्या लाइनकडे बघा. ती टेकडीच्या उत्तरेला. तिच्या आणि आठव्या लाइनच्या मधली जमीन सपाट आहे, तिथला ओव्हरलॅप ४८० मीटर, किमान गरज ३२० ची. सातव्या लाइनवर टेकडीजवळ विमान फक्त ६० मीटर दक्षिणेला ठेवलं असतं तर सहा-सातमधला ओव्हरलॅप ३०० मीटर झाला असता आणि सात-आठमधला ४२० उरला असता. दोन्ही नियमात. एक मिनिटही जास्त लागलं नसतं. (काही करारांत रेषेपासून किती सरकायचं यावरही मर्यादा असते, तेव्हा हे आधी वाचून ठेवावं लागतं. या करारात अट ओव्हरलॅपची होती.)

एकाच दोषाची किंमत कशी चढत गेली पाहा. १०:२२ ला फुकट. सातवी संपल्यावर, १०:३६ ला, मागे वळून तुकडा घ्यायला दहा-बारा मिनिटं, पण ढगांचा पत्ता नव्हता. तेवढ्याने ११:२० ची वेळ हुकली असती, पण कंट्रोलरशी बोलायला हाताशी पाऊण तास होता. ११:१८ ला बारा मिनिटं आणि एक अख्खी लाइन. त्यानंतर एक पूर्ण उड्डाण, जाण्या-येण्याच्या वेळेसकट.

मग १०:२२ ला दोघंही गप्प का बसले? ऑपरेटरचं समजतं. लाइनवर असताना वैमानिकाशी बोलायचं नाही हा चांगला नियम आहे आणि जुने ऑपरेटर तो कसोशीने पाळतात. शिवाय त्याची सवय फिल्मच्या काळातली होती. तेव्हा २३ सेंटिमीटर चौरस निगेटिव्ह असायची, भोक राहिलं की नाही ते फिल्म धुतल्यावरच कळायचं, हवेत शंका घेऊन उपयोग नसायचा. आता चौकोन समोर उमटतात. शंकेला तिथल्या तिथे उत्तर मिळतं, मात्र विचारावं लागतं. खात्री झाल्यावर सांगू ही त्याची भूमिका कार्यालयात शोभली असती.

वैमानिकाचं गप्प बसणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण ८० चा आकडा तिच्या डोळ्यांसमोर होता. तिने तो पाहिला आणि सोडून दिला. का, याचं उत्तर माउंटवरच्या विश्वासात आहे. २,००० मीटरवरून विमान ५ अंश कललं, तर माउंट नसताना फ्रेम जमिनीवर १७५ मीटर बाजूला जाईल. माउंट हे दिवसभर, प्रत्येक धक्क्याला निमूटपणे सावरतो. वैमानिक ते पाहत असते आणि कॅमेरा आपलं थोडंफार चुकलेलं सांभाळून घेतो असं तिच्या अंगवळणी पडतं. पण माउंट कल सावरतो, दिशा सावरतो. विमानच बाजूला गेलं तर तो काय करणार? १७५ मीटरची चूक गिळणारं यंत्र ८० मीटरच्या चुकीपुढे हतबल असतं. हे प्रशिक्षणात एका वाक्यात सांगितलं जातं आणि त्याच वेगाने विसरलं जातं.

पक्ष्यांना टाळलं यात तिचा दोष नाही, हे वेगळं सांगायला हवं, कारण वर्गात कोणीतरी हमखास म्हणतं की एवढं बाजूला जायची गरज नव्हती. होती. मोठा पक्षी काचेवर आदळला तर ओव्हरलॅपचा प्रश्नच उरत नाही. फक्त बाजूला झाल्यावर "टेकडीवर ऐंशी मीटर डावीकडे गेले, बघा" एवढं इंटरकॉमवर म्हणायचं होतं. ते ऐकून ऑपरेटरने वहीऐवजी वळणातच आकडेमोड केली असती.

राहिला आराखडा करणारा, जो विमानात नव्हता. त्याने ३० टक्के सपाट जमिनीवर धरले आणि टेकडीवर किमान मर्यादेच्या वर फक्त २ टक्के उरतात हे एकतर पाहिलं नाही किंवा पाहून चालवून घेतलं. ३५ टक्के धरले असते तर लाइन्समधलं अंतर १,०४० मीटर झालं असतं, एखाद-दुसरी लाइन वाढली असती आणि टेकडीवर ८० मीटर सरकूनही २२ टक्के उरले असते. एका लाइनला वळणासकट १४ मिनिटं. ती वाचवायला गेलेला हिशेब अखेर दुसऱ्या उड्डाणावर गेला. आमच्यात यावर वाद आहेत. आराखडा करणारे म्हणतात की प्रत्येक टेकडीसाठी सगळा ब्लॉक दाट करत बसलो तर काम परवडणार नाही, वैमानिकाने रेषेवर राहावं. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण मग निदान अशा पातळ जागा नकाशावर लाल करून वैमानिकाच्या हाती द्याव्यात. तिला ती टेकडी नाजूक आहे हे माहीतच नव्हतं.

अकरावी लाइन १२:२२ ला संपली. ४५ मिनिटांचं राखीव इंधन आणि परतीची २५ मिनिटं सोडून हाताशी अर्धा तास होता, म्हणून ती टेकडीकडे गेली. ढग पसरला होता आणि त्याची सावली उतारावरून तळापर्यंत आली होती. ऑपरेटरने ढगाखालून घ्यायचं सुचवलं. ढगाचा तळ १,५०० मीटरवर, म्हणजे उडायचं निदान १०० मीटर त्याखाली. १,४०० मीटरवरून पिक्सेल ५.६ सेंटिमीटरचा येतो, फ्रेमची रुंदी १,१२० मीटर उरते, टेकडीवर त्याहूनही कमी, आणि सगळ्यावर सावली ती आहेच. शिवाय तापलेल्या, धक्के देणाऱ्या हवेत टेकडीच्या माथ्यावरून. तिने नको म्हटलं, एक फेरा मारून सावली सरकते का पाहिलं आणि विमान परत वळवलं.

पुढच्या स्वच्छ सकाळी तो तुकडा दोन्ही टोकांना काही फ्रेम्स जास्त घेऊन झाला. १०:१६ च्याच आसपास, म्हणजे सावल्यांची दिशा आणि लांबी जुन्या फ्रेम्सशी जुळावी. लाइनवरचा वेळ मिनिटभर, उड्डाण एकूण तासाभराचं. त्यानंतर त्या विमानात प्रत्येक वळणात ऑपरेटरने न विचारता लाइनचा क्रमांक आणि "स्वच्छ" किंवा "शंका" यांपैकी एक शब्द म्हणायचा, असं ठरलं. पहिले काही दिवस "शंका" फार वेळा ऐकू येते आणि वैमानिक वैतागतात.